नवीन सरकारात रुजू होताय? सीआयएचे अनालिस्ट तुम्हाला काय देतात आणि काय देत नाहीत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी पुण्यात स्पर्धा परीक्षांच्या मुलांना आंतरराष्ट्रीय संबंध शिकवतो. दर चार वर्षांनी अमेरिकेत नोव्हेंबरात निवडणूक झाली की जानेवारीपर्यंत क्लासमध्ये तेच ते प्रश्न येतात, की सर तो नवीन माणूस शपथ घ्यायच्या आधीच गुप्त माहिती कसा काय वाचतो, त्याला ती आणून कोण देतं आणि त्यात असतं तरी काय. शेवटी सगळं एका जागी लिहून काढलं. सोयीसाठी असं धरलंय की तुमचीच वॉशिंग्टनमध्ये नेमणूक झालीय, म्हणजे मला सरळ "तुम्ही" म्हणून बोलता येतं. हेरगिरीचे थरारक किस्से शोधत आला असाल तर आधीच सांगतो, इथे बहुतेक सगळं कागदांबद्दल आहे.

सीआयए म्हणजे हेर ना? मग हे अनालिस्ट कोण?

हेर आहेतच, पण ती एक बाजू. दुसऱ्या बाजूला व्हर्जिनियातल्या लँगलीच्या हेडक्वार्टरमध्ये दिवसभर वाचत आणि लिहीत बसणारी माणसं आहेत, कुणी इराणच्या तेलावर, कुणी चीनच्या नौदलावर, कुणी एखाद्या छोट्या देशाच्या राजकारणावर वर्षानुवर्षं. एजंटकडून आलेली माहिती, पकडलेले फोन आणि मेसेज, सॅटेलाइटचे फोटो, वकिलातीच्या तारा, तिथली वर्तमानपत्रं हे सगळं त्यांच्या टेबलावर येतं आणि त्यातून "याचा अर्थ काय आणि पुढे काय होऊ शकतं" हे ते लिहितात. हा विभाग १९५२ पासून आहे, आधी नाव डायरेक्टोरेट ऑफ इंटेलिजन्स, २०१५ पासून डायरेक्टोरेट ऑफ अनालिसिस. तुम्हाला भेटणारी माणसं ही. त्यांच्या बोलण्यात तुमच्यासाठी शब्द असतो "कस्टमर", आणि राष्ट्राध्यक्ष म्हणजे "फर्स्ट कस्टमर". दुकानदारीचा शब्द वाटतो खरा पण मला तो आवडतो, कारण त्यात एक गोष्ट आपोआप येते, गिऱ्हाइकाला काय हवंय तेच माहीत नसेल तर दुकानदार तरी काय बांधून देणार.

ही नव्या लोकांना माहिती द्यायची पद्धत कधीपासून?

१९५२. पण कारण १९४५ चं आहे. ट्रुमन उपाध्यक्ष होऊन जेमतेम ८२ दिवस झाले होते आणि १२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्ट वारले. त्या संध्याकाळी शपथविधीनंतर युद्धमंत्री स्टिमसन त्यांना बाजूला घेऊन म्हणाले की एका भयंकर स्फोटकावर काम चालू आहे, आणि अणुबॉम्बची नीट सविस्तर माहिती मिळाली ती २५ एप्रिलला. म्हणजे महायुद्ध चालू, देशाचा प्रमुख हाच, आणि आपल्याच देशाचं सगळ्यात मोठं गुपित याला जवळपास दोन आठवड्यांनी कळतंय. ट्रुमननी हे डोक्यात ठेवलं. १९५२ मध्ये ते स्वतः उभे नव्हते तेव्हा त्यांनी आयझेनहॉवर आणि स्टीव्हन्सन या दोन्ही उमेदवारांना सीआयएची ब्रीफिंग द्यायला सांगितलं, स्वतःच्या पक्षाच्या आणि विरोधी पक्षाच्याही. तेव्हापासून ही प्रथा आहे.

एक लक्षात ठेवा, उमेदवाराला जे मिळतं ते वरवरचं असतं, कुठे काय चाललंय एवढंच. निवडून आल्यावर मिळतं ते वेगळं, तेव्हा चालू राष्ट्राध्यक्ष वाचतो तोच कागद नव्याच्याही हातात येऊ शकतो, पण चालू राष्ट्राध्यक्षानं हो म्हटलं तर. २००० मध्ये फ्लोरिडातली मतमोजणी कोर्टात अडकली होती तरी क्लिंटननी परवानगी दिली म्हणून बुशना निकालाआधीच कागद सुरू झाले. २०२० मध्ये उलटं झालं, सत्तांतराची औपचारिक मान्यताच २३ नोव्हेंबरला मिळाली आणि बायडेनना पहिला पीडीबी ३० नोव्हेंबरला वाचायला मिळाला.

पीडीबी पीडीबी ऐकतोय, ते नक्की काय आहे?

प्रेसिडेंट्स डेली ब्रीफ. राष्ट्राध्यक्षासाठी रोज तयार होणारी गुप्त पुस्तिका. याची वंशावळ मजेशीर आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये ट्रुमनसाठी डेली समरी सुरू झाली. मग केनेडी आले आणि त्यांच्यापुढे इतके कागद यायला लागले की कामाचं नेमकं तेच हातातून निसटायचं, म्हणून त्यांच्या लष्करी सहायकानं सांगितलं की खिशात मावेल एवढं काहीतरी द्या. १७ जून १९६१ ला शनिवारी पहिला अंक गेला, केनेडी व्हर्जिनियात सुट्टीवर होते आणि स्विमिंग पूलच्या डायव्हिंग बोर्डवर बसून त्यांनी तो वाचला. सात पानं, दोन-दोन वाक्यांच्या चौदा नोंदी, थोड्या मोठ्या टिपा, दोनचार नकाशे. नाव होतं प्रेसिडेंट्स इंटेलिजन्स चेकलिस्ट, आणि त्याची आद्याक्षरं जोडून लोक त्याला "पिकल" म्हणायचे, म्हणजे आपल्या भाषेत लोणचं! ताटात थोडंच, पण सगळी चव त्यात, मला तरी हे नाव फिट बसलेलं वाटतं. १ डिसेंबर १९६४ पासून जॉन्सनसाठी तेच नव्या रूपात पीडीबी झालं आणि अजून चालू आहे.

केनेडी-जॉन्सनच्या काळातले साधारण अडीच हजार अंक २०१५ मध्ये खुले केले आणि निक्सन-फोर्डच्या काळातले तेवढेच २०१६ मध्ये. ज्याला वेळ आहे त्यानं दहाबारा तरी वाचावेत, भाषा इतकी कोरडी असते की आपल्याला वाटतं एवढंच का.

मी काही राष्ट्राध्यक्ष नाही, साधा असिस्टंट सेक्रेटरी आहे. माझ्यापर्यंत काय येणार?

नवीन सरकार आलं की साधारण चार हजार राजकीय नेमणुका होतात, त्यामुळे तुमच्यासारखे बरेच आहेत, काळजी करू नका. पीडीबी कुणाकुणाला द्यायचा हे राष्ट्राध्यक्ष ठरवतो, तुमचं नाव त्यात नसण्याचीच शक्यता जास्त. पण तुमच्या विषयावरचे अनालिसिसचे लेख सुरक्षित नेटवर्कवर वाचता येतात. मोठ्या प्रश्नांवर सगळ्या एजन्सींनी मिळून लिहिलेला नॅशनल इंटेलिजन्स एस्टिमेट असतो. आणि सगळ्यात कामाची गोष्ट, तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं तुमच्यापुरतं उत्तर. दोन पानी मेमो म्हणा, परदेश दौऱ्याआधीची तोंडी माहिती म्हणा, किंवा ज्याच्यासमोर वाटाघाटीला बसणार आहात त्या माणसाची प्रोफाइल.

प्रोफाइलचं उदाहरण सांगतो. १९७८ च्या सप्टेंबरात कार्टरनी इस्रायलचे बेगिन आणि इजिप्तचे सादात यांना कॅम्प डेव्हिडला तेरा दिवस ठेवून घेतलं होतं, त्याआधी त्यांनी सीआयएकडून या दोघांची व्यक्तिचित्रं मागवली होती. माणूस तपशिलात अडकणारा आहे की मोठं चित्र बघणारा, कशानं चिडतो, शब्दाला किती चिकटतो, असल्या गोष्टी. आपल्याकडे लग्न जमवताना मध्यस्थ दोन्ही घरांचा स्वभाव सांगतो ना, तसंच, फक्त इथे लिहिणारे मानसशास्त्रज्ञ होते. आणि हे कार्टरनी मागितलं म्हणून तयार झालं हे विसरू नका.

याचे पैसे माझ्या खात्याच्या बजेटमधून जातात का?

नाही.

क्लीअरन्स, म्हणजे गुप्त कागद बघायची परवानगी, कधी मिळतो? मी तर निवडून आलेल्यांच्या जवळचा माणूस आहे.

जवळचा असून उपयोग नाही. राष्ट्राध्यक्षाला निवडून आल्यामुळेच सगळं बघायचा अधिकार असतो, बाकीच्यांची पार्श्वभूमी तपासली जाते. त्यासाठी एसएफ-८६ नावाचा शंभरावर पानांचा फॉर्म भरावा लागतो, कुठे कुठे राहिलात, कुठे नोकरी केलीत, कर्ज, दारू, सगळं. आपल्या मराठी वाचकांपैकी ज्यांची पोरं तिकडचे नागरिक होऊन सरकारी नोकरीत जायला बघतायत त्यांनी हे लक्षात घ्या, की त्यात आईवडील, भावंडं, सासूसासरे या सगळ्यांची नावं आणि नागरिकत्व द्यावं लागतं, शिवाय परदेशातल्या ज्या ज्या माणसाशी जवळचा आणि नेहमीचा संबंध आहे तोही. म्हणजे नाशिकचा मामा रोज सकाळी गुड मॉर्निंग पाठवत असेल आणि तुमचा त्याच्यावर जीव असेल तर मामा फॉर्मवर आला. लपवू नका. परदेशात नातेवाईक असणं हा गुन्हा नाही पण लपवलंत तर मात्र अवघड जातं.

आणि क्लीअरन्स मिळाला म्हणजे सगळी कपाटं उघडली असं नाही. त्या कामासाठी तुम्हाला ती माहिती लागते का हा वेगळा प्रश्न तरीही राहतोच.

ब्रीफर म्हणजे कोण? त्याला चहा विचारायचा का?

विचारा की! बिचारा रात्री एक-दोनला उठून ऑफिसात आलेला असतो, सगळे लेख वाचतो, त्यामागचं कच्चं मटेरियल बघतो, तुम्ही काय विचाराल याचा अंदाज बांधतो आणि सकाळी तुमच्यासमोर ताजातवाना असल्यासारखा बसतो. तो स्वतः अनालिस्टच असतो पण इथे त्याचं काम पोस्टमन आणि वकील यांच्या मधलं काहीतरी असतं. तुमचे प्रश्न तो परत घेऊन जातो आणि उत्तर दुसऱ्या दिवशी किंवा आठवड्याभरात आणतो.

मायकेल मॉरेल हे बुशचे ब्रीफर होते. ११ सप्टेंबर २००१ ला सकाळी फ्लोरिडात त्यांनी बुशना नेहमीसारखं ब्रीफिंग दिलं, मग शाळेचा कार्यक्रम आणि मग पुढचं जगाला माहीत आहे. त्या दिवशी एअर फोर्स वनमध्ये बुशनी त्यांना विचारलं की हे कुणी केलं, तेव्हा मॉरेलनी सांगितलं की अजून पुरावा हातात आलेला नाही, पण माझी पैज अल कायदावर. मी क्लासमध्ये हे नेहमी सांगतो कारण चांगलं उत्तर कसं असतं ते यात दिसतं, माहीत असलेलं एकीकडे, स्वतःचा अंदाज दुसरीकडे, आणि दोन्हीची सरमिसळ नाही.

रोज सकाळीच वाचायला पाहिजे का?

तुमच्या सवयीप्रमाणे. जॉन्सन संध्याकाळी वाचायचे म्हणून तेव्हा तो कागद संध्याकाळी जायचा. धाकट्या बुशना समोर बसून चर्चा आवडायची. ओबामा वाचणारे, पुढे त्यांच्यासाठी ते टॅबलेटवर आलं. ट्रम्पनी २०१६ मध्ये निवडून आल्यावर सांगितलं की तेच ते रोज ऐकायची मला गरज नाही. कागदाचा आकार, लांबी, वेळ सगळं गिऱ्हाइकाप्रमाणे बदलतं, तेव्हा संकोच न करता सांगा. नकाशे आवडतात तर नकाशे मागा.

आणि वाचलंच नाही तर?

कुणी काही करू शकत नाही. १९६८ मध्ये निक्सन निवडून आले तेव्हा त्यांचा मुक्काम न्यूयॉर्कच्या पिएर हॉटेलात होता. सीआयएनं तिथून थोड्याच अंतरावर, अमेरिकन बायबल सोसायटीच्या इमारतीच्या तळघरात, गुपचूप छोटं ऑफिस थाटलं आणि रोज बंद पाकिटातून पीडीबी पाठवायला सुरुवात केली. नंतर ती पाकिटं परत आली, न उघडलेली. निक्सनना या एजन्सीबद्दल जुना राग होता, १९६० ची निवडणूक हरायला हे लोकही कारणीभूत आहेत असं त्यांच्या मनात होतं, आणि जे काही जायचं ते त्यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर यांच्यामार्फत. मला या गोष्टीत निक्सनपेक्षा त्या तळघरातल्या माणसांचं वाईट वाटतं, रोज रात्री जागून लिहायचं आणि ते पाकीट तसंच.

"शक्यता आहे" असं लिहिलेलं असतं. म्हणजे नक्की किती?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि नवीन माणूस हाच विचारत नाही.

शेरमन केंट नावाचे येल विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक होते, पुढे सीआयएत आले आणि १९५२ ते १९६७ तिथल्या एस्टिमेट लिहिणाऱ्या ऑफिसचे प्रमुख होते. १९५१ मध्ये एक एस्टिमेट निघाला, विषय असा की सोव्हिएत गटाचे देश त्या वर्षी युगोस्लाव्हियावर हल्ला करतील का, आणि त्यात लिहिलं होतं की याची "गंभीर शक्यता" मानली पाहिजे. काही दिवसांनी परराष्ट्र खात्यातल्या एका बड्या अधिकाऱ्यानं केंटना सहज विचारलं, अहो ते गंभीर शक्यता म्हणजे किती? केंट म्हणाले, माझ्या मते हल्ला होईल याकडे झुकणारं, ६५ विरुद्ध ३५. तो अधिकारी दचकला, कारण त्या शब्दांवरून त्याला हल्ल्याची शक्यता याहून फार कमी वाटली होती. मग केंटनी परत येऊन, ज्यांनी ज्यांनी या वाक्यावर सही केली होती त्या सहकाऱ्यांना विचारलं, तर कुणाच्या डोक्यात ८० विरुद्ध २० आणि कुणाच्या डोक्यात बरोबर उलटं, २० विरुद्ध ८०. एकच वाक्य, एकमतानं मंजूर, आणि टेबलाभोवती प्रत्येकाचा अर्थ वेगळा!

मी हा प्रयोग क्लासमध्ये करतो. फळ्यावर लिहितो, "उद्या पाऊस पडण्याची दाट शक्यता", आणि प्रत्येकानं चिठ्ठीवर टक्के लिहायचे. एकदा ५५ पासून ९५ पर्यंत आले होते, आणि ५५ लिहिणारा कोकणातला होता, म्हणाला सर आमच्याकडे दाट म्हटलं तरी छत्री न्यायची का नाही ते आईच ठरवते.

केंटनी मग शब्दांना आकडे बांधायचा प्रयत्न केला, "जवळजवळ नक्की" म्हणजे ९३ टक्के, थोडं इकडे तिकडे, "संभाव्य" म्हणजे ७५ च्या आसपास, असं. सहकाऱ्यांना ते फारसं रुचलं नाही, त्यांना ते घोड्यांच्या शर्यतीसारखं वाटलं. पण आज अमेरिकेच्या सगळ्या गुप्तचर संस्थांना लागू असलेल्या नियमात अशी पट्टी आहेच, "लाइकली" म्हणजे ५५ ते ८०, "व्हेरी लाइकली" म्हणजे ८० ते ९५ वगैरे. तेव्हा तुमच्या पहिल्या कागदावर तो शब्द दिसला की ब्रीफरला विचारा, हे पट्टीवर कुठे बसतं.

आकडे आले म्हणून प्रश्न सुटतो असंही नाही. २०११ मध्ये अ‍ॅबोटाबादच्या त्या घरात लादेन आहे की नाही यावर अनालिस्ट लोकांचे आकडे साधारण ४० टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत होते. ओबामांनी शेवटी सांगितलं की हे फिफ्टी-फिफ्टीच आहे, आणि तसं धरूनच निर्णय घेतला.

"हाय कॉन्फिडन्स" म्हणजे तेच ना?

नाही हो, इथे सगळे फसतात. शक्यता म्हणजे गोष्ट घडण्याची, कॉन्फिडन्स म्हणजे अनालिस्टच्या माहितीचा पाया किती पक्का आहे याचा. "हे होण्याची शक्यता आहे, पण आमचा भरवसा कमी" अशी परिस्थिती अगदी असू शकते, म्हणजे एकाच सोर्सवर सगळं उभं आहे.

मग मी काय करावं ते सांगतील का?

सांगणार नाहीत. हा त्यांचा सोवळ्याचा नियम आहे. तुम्ही "अमुक केलं तर समोरचा काय करेल, तमुक केलं तर काय करेल" असं विचारा, दोन्हीची उत्तरं मिळतील. निवड तुमची.

६ ऑगस्ट २००१ चा पीडीबीचा लेख २००४ मध्ये खुला झाला, त्याची झेरॉक्स मी प्रत्येक बॅचला देतो. जेमतेम दीड पान. शीर्षकातच म्हटलंय की बिन लादेनचा अमेरिकेत हल्ला करायचा निर्धार आहे. मधे मधे झाकलेले शब्द, पकडलेल्या दोघातिघांचे जबाब, विमान अपहरणाच्या तयारीशी जुळणाऱ्या संशयास्पद हालचाली दिसल्याचा उल्लेख, न्यूयॉर्कमधल्या सरकारी इमारतींची टेहळणी, एफबीआयचे सत्तर तपास चालू असल्याचं वाक्य. मुलं वाचतात आणि चिडतात, सर एवढं लिहिलंय तर केलं का नाही? मग मी म्हणतो पेन्सिल घ्या आणि तारीख कुठे आहे त्याला गोल करा. कुठला विमानतळ त्याला गोल करा. काय करा असं सांगितलंय ते वाक्य अधोरेखित करा. पेन्सिली तशाच राहतात. तो कागद जे होता ते होता, पुढचा प्रश्न वाचणाऱ्यानं विचारायचा होता, की हे सत्तर तपास कोण बघतंय, कुणाला फोन लावू, उद्या परत काय कळेल. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मलाही दोन दिवस चैन नव्हतं.

हे लोक चुकतात का?

चुकतात, आणि जबरदस्त चुकतात. १९ सप्टेंबर १९६२ च्या एस्टिमेटमध्ये केंटच्याच ऑफिसनं लिहिलं की रशिया क्युबात अण्वस्त्रं डागणारी क्षेपणास्त्रं ठेवेल असं वाटत नाही, कारण तसं त्यांनी आजवर कुठे केलेलं नाही. गंमत म्हणजे एजन्सीचे प्रमुख मकोन यांनाच हे पटत नव्हतं, ते तेव्हा फ्रान्समध्ये हनिमूनला होते आणि तिथून तारा पाठवत होते की बाबांनो परत बघा. १४ ऑक्टोबरला यू-२ या टेहळणी विमानानं तिथल्या क्षेपणास्त्रांचे फोटो काढले, १६ ला सकाळी केनेडींसमोर ते ठेवले. १९७८ च्या ऑगस्टमध्ये इराणबद्दल लिहिलं की तिथे क्रांतीच काय, क्रांतीपूर्व परिस्थितीसुद्धा नाही. १६ जानेवारी १९७९ ला शहा देश सोडून गेले. आणि ऑक्टोबर २००२ चा इराकच्या शस्त्रांवरचा एस्टिमेट तर सगळ्यांना पाठ आहे, महासंहारक शस्त्रं आहेत म्हणून लिहिलं आणि ती सापडलीच नाहीत. २०२२ मध्ये रशिया युक्रेनवर हल्ला करणार हे मात्र बरोबर सांगितलं, आणि मग कीव्ह लवकर पडेल असा अंदाज धरला तो चुकला.

पोखरण त्यांना कळलंच नाही हे खरं का?

खरं आहे, आणि ही गोष्ट आपण थोडी चवीनं सांगतो.

१९९५ च्या डिसेंबरात त्यांच्या सॅटेलाइटला पोखरणची तयारी दिसली होती, राजदूत विस्नर यांनी भारत सरकारला ते दाखवलं आणि चाचणी थांबली. आपण धडा शिकलो. १९९८ मध्ये काम रात्री, शास्त्रज्ञ लष्करी गणवेशात, सॅटेलाइट डोक्यावरून जायच्या वेळा पाठ, काम झालं की यंत्रं जागच्या जागी. ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून सामान मुंबई विमानतळावर, तिथून जैसलमेरला. तेव्हा केंद्राचे संचालक आपले अनिल काकोडकर, ते १९७४ च्या चाचणीतही होते. खड्ड्यांची टोपणनावं व्हाइट हाऊस, ताजमहाल आणि कुंभकर्ण. तिकडे व्हाइट हाऊस झोपलेलं आणि इकडे कुंभकर्ण जागा होणार, असं नाव ठेवणाऱ्याला सुचलं होतं का माहीत नाही पण आम्ही क्लासमध्ये दरवेळी हसतो. ११ मे ला स्फोट झाले, १३ ला परत.

पण धडा सॅटेलाइटपुरता नाही. नंतर अ‍ॅडमिरल जेरेमाया यांनी चौकशी केली आणि त्यांनी बोट ठेवलं ते विचारांच्या सवयीवर, की भाजपचं सरकार आपल्यासारखाच विचार करेल असं अनालिस्टही धरून चालले होते आणि धोरण ठरवणारेही. जाहीरनाम्यात अण्वस्त्रांबद्दल उघड लिहिलेलं होतं. वॉशिंग्टनला वाटलं निवडणुकीत सगळेच असं लिहितात, कोण करतंय! म्हणजे गुपित असं काही नव्हतंच, छापील पुस्तिकेत होतं. तेव्हा एखाद्या देशाबद्दलचा कागद वाचताना विचारा, हा निष्कर्ष काढताना तुम्ही काय गृहीत धरलंय, आणि ते गृहीतक चुकलं तर सगळ्यात आधी काय दिसेल.

दोन एजन्सींनी वेगवेगळं सांगितलं तर कुणाचं ऐकू?

दोघांचं, आणि ज्याचं मत अल्पमतात आहे त्याचं जरा जास्त लक्ष देऊन. अमेरिकेत अशा अठरा संस्था आहेत. २००२ च्या इराक एस्टिमेटमध्ये परराष्ट्र खात्याच्या छोट्या गुप्तचर विभागानं अणुकार्यक्रमाबद्दल असहमती नोंदवली होती, आणि इराकनं मागवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या अणुकार्यक्रमासाठी नाहीत असं ऊर्जा खात्याचे तज्ज्ञ सांगत होते, तेही त्याच दस्तऐवजात. बरोबर तेच निघाले. पहिलं पान वाचून फाइल बंद करायची सवय असेल तर मोडा.

मला हवं तसं लिहून घेता येईल का? म्हणजे थोडंसं झुकवून?

असा प्रश्न कुणी तोंडानं विचारत नाही, पण "परत एकदा बघता का" असं चारदा विचारून हेच केलं जातं. प्रश्न विचारणं तुमचा हक्क आहे, उत्तर ठरवून देणं नाही. याच कारणासाठी सीआयएत १९९२ पासून एक लोकपाल आहे, अनालिस्टला दबाव वाटला तर तो तिथे जाऊ शकतो. खरं सांगायचं तर उघड दबावापेक्षा, साहेबांना काय आवडतं ते ओळखून आपणहून तसं लिहिणं जास्त घातक, आणि ते आपल्या ऑफिसांतही आपण रोज बघतो.

विरोधी पक्षाच्या नेत्याबद्दल काही मिळेल का?

नाही. १९४७ च्या कायद्यानंच सीआयएला पोलिसी अधिकार आणि देशांतर्गत सुरक्षेची कामं नाकारलेली आहेत. विचारूसुद्धा नका, तुमच्या प्रश्नाचीच बातमी होईल.

सगळं गुप्तच असतं का? मग पेपर वाचायची गरज नाही.

उलट. उघड स्रोतांवर त्यांचं बरंच काम चालतं, परदेशी रेडिओ ऐकून भाषांतर करणारा विभाग तर सीआयएच्याही आधीपासूनचा. एमपीएससीच्या जुन्या मुलांना वर्ल्ड फॅक्टबुक आठवत असेल, लोकसंख्या आणि निर्यातीचे आकडे आपण तिथून उतरवायचो, ते पुस्तक १९६२ मध्ये गुप्त म्हणून सुरू झालं होतं! १९७१ पासून त्याची खुली आवृत्ती निघाली. पेपर वाचाच, आणि पेपरात आलेलंच ब्रीफर परत सांगत असेल तर तसं तोंडावर सांगा, त्यांना राग येत नाही, पुढच्या वेळी सुधारतात.

आपल्याकडे असं काही असतं का?

आपल्याकडे संस्था आहेत, आयबी १८८७ पासूनची, रॉ १९६८ ची, रामेश्वरनाथ काव पहिले प्रमुख, कारगिलनंतर सुब्रह्मण्यम समितीनं बऱ्याच सुधारणा सुचवल्या. पण निवडून आलेल्याला शपथेआधी कागद द्यायचा अशी जाहीर प्रथा नाही, आणि आपल्याकडे निकाल आणि शपथविधी यात अडीच महिन्यांचं अंतरही नसतं, आठवड्या-दोन आठवड्यांत सगळं उरकतं. मंत्री थेट खुर्चीतच बसतो. यशवंतराव चव्हाण १९६२ च्या नोव्हेंबरात मुंबईहून दिल्लीला गेले ते ऐन युद्धात संरक्षणमंत्री व्हायला, "हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला" हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे, पण धावत गेलेल्या सह्याद्रीच्या टेबलावर पहिल्या सकाळी कोणते कागद होते हे आपल्या मुलांना वाचायला मिळत नाही. त्याच युद्धावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारनं अजून खुला केलेला नाही. म्हणून मग आम्ही पुण्यात बसून अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची लोणच्याची बरणी उघडून बघतो.

पहिल्या भेटीत नेमकं काय विचारू?

"तुम्हाला हे कसं माहीत" यापासून सुरुवात करा. सोर्सचं नाव सांगणार नाहीत, पण एक आहे की पाच, त्यानं स्वतः पाहिलं की ऐकलं, हे सांगतील. मग विचारा, मागच्या वर्षी याच विषयावर तुम्ही काय लिहिलं होतं आणि ते कितपत खरं निघालं. आणि मग तुम्ही स्वतः सांगा की येत्या तीन महिन्यांत कुठल्या बैठका आहेत, कुठले दौरे आहेत, कशावर सही करायचीय, कारण हे त्यांना कुणी सांगत नाही आणि मग ते अंदाजपंचे लिहीत बसतात आणि तुम्ही म्हणता की कामाचं काही येत नाही.

फोन आत नेता येतो का?

नाही. बाहेरच्या कप्प्यात ठेवायचा, स्मार्टवॉचसुद्धा.

आणि वहीत नोट्स घेतल्या तर?

घ्या. पण गुप्त कागदावरून लिहिलेली नोंद त्या कागदाइतकीच गुप्त होते, मग तुमचं अक्षर कितीही वाईट असो. वही तिजोरीत राहील, वाचलेला कागद ब्रीफर परत नेईल. पेन घरी नेता येतं.